पाच-दहा वॅटचा खोका आणि वीस मीटर तार

कोकणात मोबाईल बंद पडणं ही आता बातमी राहिलेली नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या मंडणगड आणि दापोली तालुक्यांची वीज गेली ती काही गावांत कित्येक दिवस आली नाही. विजेमागून टॉवर गेले. त्यानंतर साधारण वर्षभराने चिपळूण बुडालं. 21 जुलै 2021 ला बकरी ईद होती. त्याच रात्री पाऊस वाढत गेला आणि 22 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. कुर्बानीचे वाटे पोहोचवून दमलेली माणसं झोपेतून उठून माळ्यावर चढली. माझी खाला गोवळकोट रोडच्या बाजूला राहते. तिचा मुलगा कुवेतमध्ये आहे. त्याचे मला रत्नागिरीत दर पंधरा मिनिटांनी फोन येत होते आणि माझ्याकडे सांगायला काहीही नव्हतं. दोन दिवसांनी कळलं की खाला शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर सुखरूप होती. अल्हम्दुलिल्लाह. पण ते दोन दिवस त्या मुलाने कसे काढले, ते आजही तो सांगत नाही.

कोकणी मुसलमानांची निम्मी घरं अशीच आहेत. आई-बाप इकडे, कमावती पिढी कुवेत, कतार, दुबई, दम्मामला. त्यामुळे इथला टॉवर झोपला की काळजी नुसती या गावात राहत नाही, ती समुद्रापार पोहोचते. पूर ओसरल्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यात ‘आता आपलं स्वतःचं काहीतरी हवं’ अशी चर्चा झाली. आमच्याकडेही झाली आणि तिथून विषय निघाला ‘वॉकी-टॉकी घेऊ’ असा. मी उर्दू-मराठीचा मास्तर. पण माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राचा, रिस्ट्रिक्टेड दर्जाचा परवाना आहे हे मोहल्ल्यात माहीत असल्यामुळे ‘सर, कोणता घेऊ?’ हा प्रश्न माझ्याकडे आला. तो अजून येतो, दर पावसाळ्याआधी येतो. म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी वॉकी-टॉकीचं बघू, कारण सगळ्यांची पहिली उडी तिथेच पडते. बाओफेंगसारख्या कंपन्यांचे पाच वॅटचे हातात मावणारे संच वर्षानुवर्षं ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळत होते. लोकांचा समज असा की विकायला ठेवलंय म्हणजे चालतं. चालत नाही. आपल्याकडे 1933 च्या बिनतारी कायद्यापासून असं यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि अशा यंत्रांच्या ऑनलाइन विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या, त्या याचसाठी. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात अगदी कमी ताकदीचे संच 2018 च्या नियमांनुसार विनापरवाना वापरता येतात. जलशाचा मांडव, मदत छावणी, शाळेची सहल एवढ्याला ते पुरतात. पूर आलेल्या गावातून बाहेर निरोप काढायला नाही.

इथेच एक गोष्ट गल्फमधल्या भावांसाठी. कोणी थुरायाचा उपग्रह फोन घेऊन येण्याचा विचार करत असेल तर तो तिथेच ठेवा. तिकडे तो दुकानात सरळ मिळतो, इकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडकायला होतं. नेक नियतीने आणलेली वस्तू आहे हे कस्टमच्या टेबलावर सांगून उपयोग नसतो.

बरं, समजा परवाना काढला आणि पाच वॅटचा हॅम हँडसेट रीतसर घेतला. तरीही आपल्या कामाला तो अपुरा आहे आणि याचं कारण आपला भूगोल. हे हँडसेट 144 ते 146 मेगाहर्ट्झ किंवा त्याच्याही वरच्या पट्ट्यात चालतात. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. समोर डोंगर आला की पलीकडे सावली पडते. घाटावरच्या सपाट मुलखात, उंच इमारतीवरून, चांगल्या अँटेनाने या पट्ट्यात पन्नास किलोमीटरही बोलता येतं. पण रत्नागिरी जिल्हा कसा आहे? वर कातळाचा सडा, सड्याखाली घळ, घळीत वाडी, वाडीखाली खाडी. आपली जुनी मुस्लिम वस्ती बहुतेक खाडीच्या काठाला. साखरतर घ्या, राजिवडा घ्या, संगमेश्वराकडचं फुणगूस घ्या. म्हणजे आपण राहतो तेच मुळी लहरींच्या दृष्टीने खड्ड्यात. रत्नागिरी ते चिपळूण हे सरळ रेषेत जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर अंतर, पण मध्ये इतके डोंगर आडवे की हँडसेटवरचा आवाज हातखंब्याच्या पुढे जाईल याची मी हमी देणार नाही. उंच डोंगरावर रिपीटर बसवला तर पल्ला वाढतो. फक्त तो रिपीटरही विजेवर आणि बॅटरीवरच चालतो, आणि वादळात तिथवर चढून जाणार कोण?

मिरकरवाड्याच्या नाखवांनाही इथे एक स्पष्टीकरण द्यावं लागतं. बोटीवरचा व्हीएचएफ हा वेगळा प्राणी. त्याचा चॅनेल 16 म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, तो सागरी सेवेचा. हॅमचा परवाना असला म्हणून त्या चॅनेलवर बोलता येत नाही, आणि बोटीचा संच घरी आणून हॅम पट्ट्यात वापरता येत नाही. दोन्ही आपापल्या जागी.

मग उरतो तो एचएफ पट्टा, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत शॉर्टवेव्ह. ज्यांच्या घरी वडिलांनी रात्री रेडिओ सिलोन किंवा बीबीसी उर्दू लावलेली आठवत असेल, त्यांना वेगळं समजावायला नको. ह्या लहरी वर जातात, आयनांबरात (जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर असलेला विद्युतभारित थर) वळतात आणि खाली परत येतात. बहुतेक हॅम तार जितकी उंच टांगता येईल तितकी टांगतात, कारण त्यांना युरोप-जपान गाठायचं असतं. आपल्याला गाठायचंय कोल्हापूर, पुणे, मुंबई. सरळ रेषेत कोल्हापूर इथून शंभर किलोमीटर, पुणे 180 च्या आसपास, मुंबई सव्वादोनशे. यासाठी तार मुद्दाम बुटकी ठेवायची, तीन ते पाच मीटर उंचीवर. मग लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि कारंज्याचं पाणी जसं भोवतालीच पडतं तशा आसपासच्या तीनशे-चारशे किलोमीटरमध्ये परत पडतात. डोंगर, घळ, घाट कशाचाच संबंध उरत नाही, कारण लहर डोंगराला आडवी जातच नाही, ती डोक्यावरून येते. खड्ड्यात राहण्याचा आपला तोटा इथे संपतो.

दिवसा हे काम 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे 40 मीटर पट्ट्यात होतं. त्यासाठी लागणारी तार वीस मीटर, मधोमध कापून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. दोन माडांमध्ये बसते. सूर्य कलला की थर पातळ होत जातो आणि रात्री 7 मेगाहर्ट्झ जवळच्यांना सोडून लांबच्यांना ऐकू यायला लागतो. तेव्हा 80 मीटर पट्ट्यात उतरायचं, त्याला तार दुप्पट. हे वेळापत्रक नमाजाच्या वेळांसारखं सूर्याला बांधलेलं आहे. मगरिबनंतर खालचा पट्टा, सकाळी ऊन वर आल्यावर पुन्हा वरचा, असं मी आमच्या मुलांना सांगतो आणि ते त्यांच्या पक्कं लक्षात राहतं.

आता संच. ट्रान्सीव्हर म्हणजे ऐकायचं आणि बोलायचं एकाच पेटीत असलेलं यंत्र. आपल्याला हवा तो छोटा, एका हाताने उचलून माळ्यावर नेता येईल असा. बाजारातली नावं मोजकी आहेत. यासुच्या एफटी-817 ने सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रकार लोकप्रिय केला. त्याचा धाकटा भाऊ एफटी-818, सहा वॅटचा, त्याचं उत्पादन 2022 च्या अखेरीस थांबलं. जुना चांगला मिळाला तर अजूनही घेण्यासारखा. आयकॉमचा आयसी-705 2020 मध्ये आला. एक किलोच्या थोडा वर, स्वतःच्या बॅटरीवर पाच वॅट आणि बाहेरच्या 13.8 व्होल्टवर दहा वॅट, एचएफपासून 430 मेगाहर्ट्झपर्यंत सगळं एकाच खोक्यात आणि पडद्यावर पट्ट्यातली सगळी हालचाल डोळ्यांना दिसते. देखणा आहे. किंमत मात्र लाखाच्या बरीच वर जाते. चिनी शिएगू कंपनीचा जी90 वीस वॅटचा, अँटेना जुळवणारा ट्यूनर आतच, आणि किंमत आयकॉमच्या निम्म्याहून कमी. यासुचा एफटी-891 आकाराने छोटा, वजनाला दोन किलोच्या आत, पण ताकद शंभर वॅट.

मोहल्ल्यातल्या कुणालाही ही यादी वाचून दाखवली की बोट शंभर वॅटवर जातं. इथे मला थोडं गणित करावं लागतं. दहा वॅटचे शंभर केले तर ताकद दहापट झाली, पण समोरच्याच्या संचावरचा सिग्नलचा काटा दोन घरंही पुढे सरकत नाही. एका घराला चौपट ताकद लागते. सरळ वर पाठवलेल्या सिग्नलला चांगल्या वेळी दहा वॅट पुरतात. आणि शंभर वॅटची किंमत बॅटरीला मोजावी लागते. एफटी-891 पूर्ण ताकदीने बोलताना 23 अँपिअरपर्यंत ओढतो आणि नुसता ऐकतानाही एक-दोन अँपिअर खातो. छोटे संच ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहतात. वीस अँपिअर-अवरची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी घेतली तर छोटा संच जवळपास चाळीस तास ऐकत राहील, मोठा दहा ते वीस तासांत झोपेल. पुरात वीज कधी येईल ते कोणाच्या हातात नसतं, आणि अशा वेळी नव्वद टक्के काम ऐकण्याचं असतं. म्हणून संचाच्या माहितीपत्रकात मी पहिल्यांदा ‘ऐकताना किती करंट’ हा आकडा बघतो. जाहिरातीत तो कधीच ठळक छापलेला नसतो. मोठा संच ताकद कमी करून वापरता येतो हे खरं, पण त्याची ऐकतानाची भूक तेवढीच राहते.

रिस्ट्रिक्टेड परवान्याला ताकदीची मर्यादाही असते. तेव्हा शंभर वॅटचा खोका घेऊन नव्या परवानाधारकाने त्याचं करायचं काय, हाही प्रश्न आहेच.

माझं मन मात्र ज्या संचावर आहे तो जपानचा नाही आणि चीनचाही नाही, हैदराबादचा आहे. अशहर फरहान हे नाव जगभरच्या हॅम लोकांना माहीत आहे. आपल्या मोहल्ल्यात ते कोणाला माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. 2003 मध्ये त्यांनी ‘बिटेक्स’ नावाच्या संचाचा आराखडा प्रसिद्ध केला. भारतातल्या कुठल्याही शहरात मिळतील अशा साध्या सुट्या भागांतून बांधता यावा हा त्यामागचा विचार. इतका की कॉइल गुंडाळायला खास परदेशी कडी मिळत नसेल तर नळात घालायचा वॉशर वापरा, असा तो हिशेब होता. प्लंबिंगच्या दुकानातून रेडिओचा भाग! पुढे 2017 च्या शेवटी त्याचा मायक्रोबिटेक्स आला, एचएफच्या सगळ्या पट्ट्यांवर चालणारा, खालच्या पट्ट्यांत दहा वॅटच्या आसपास. आराखडा खुला आहे, कोणीही बघावा, सुधारावा. बोलताना शेवटची ताकद देणारे आयआरएफ510 ट्रान्झिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानात मिळतात. या फरहान साहेबांचं दुसरं काम म्हणजे हैदराबादच्या बंजारा हिल्समधलं ‘लामकान’, जिथे नाटकं, मुशायरे, चर्चा होतात. त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. लामकान म्हणजे ज्याला मकान नाही, जागेच्या पलीकडचं. उर्दूच्या मास्तरला असा शब्द एका रेडिओवाल्याने निवडलेला बघून किती बरं वाटलं असेल, तुम्हीच समजा.

पण आवड वेगळी आणि मोहल्ल्याचा पैसा वेगळा. मायक्रोबिटेक्स हा सोल्डरिंग करणाऱ्याच्या हातातला संच आहे. त्यात ट्यूनर नाही, तार नीट मोजून कापलेली नसेल तर तो माफ करत नाही. माझा सल्ला असा: शाळेत, विज्ञान मंडळात, कॉलेजमध्ये मुलांना शिकायला मायक्रोबिटेक्स घ्या. उघडा, बिघडवा, दुरुस्त करा. मोहल्ल्याच्या आपत्कालीन पेटीत मात्र ट्यूनर असलेला वीस वॅटचा संच ठेवा, कारण त्या रात्री तार दोन माडांमध्ये नीट टांगली जाणार नाही. ती खिडकीच्या गजाला आणि शेजारच्या कौलांना अडकवलेली असेल, आणि तिच्याशी जुळवून घेणारं यंत्र लागेल. आयसी-705 कोणा दात्याने दिला तर शुक्रिया म्हणून घ्या. वर्गणीतून घेऊ नका. त्याच्या पैशांत दोन साधे संच, दोन बॅटऱ्या आणि सौरपट्टी येते; आणि संच किमान दोन लागतातच, एक पुरात आणि एक पुराबाहेर. एकट्या रेडिओला बोलायला दुसरा कोण आहे, याचा विचार खरेदीच्या उत्साहात राहून जातो.

खाऱ्या हवेचं वेगळं सांगायला हवं का? आपल्याकडे स्कूटरचा सायलेन्सर चार वर्षं टिकत नाही. उघडी तांब्याची तार एका पावसाळ्यात काळी-हिरवी पडते, केबलच्या कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि मग लोक दोष संचाला देतात. वेष्टनाची तार घ्या, सांधे रबरी टेपने बंद करा, संच हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्यांसह ठेवा. आणि विजा कडाडायला लागल्या की आधी अँटेनाची केबल संचातून काढून खिडकीबाहेर टाका. मिरगाच्या आधीचे आणि परतीच्या पावसातले दिवस यासाठी सर्वांत वाईट. एरवीही विजांमुळे एचएफवर तडतड असतेच. ती गृहीत धरून निरोप दोनदा वाचायचा.

आता ज्या मुद्द्यावर लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात त्याकडे येतो. ‘सर, आपल्या नावाच्या माणसाच्या गच्चीवर अँटेना... कशाला उगाच?’ हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, एका हितचिंतक हिंदू सहकाऱ्यानेही खऱ्या काळजीने सांगितलं. ही भीती हवेतून आलेली नाही. संशय कोणाच्या दारात आधी येतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ‘काही होत नाही’ असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही.

पण हा छंद नेमका काय आहे ते बघा. केंद्र सरकारचं खातं परीक्षा घेतं, तुमचं नाव, पत्ता तपासून कॉल साइन देतं. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड दर्जाची कॉल साइन व्हीयू3 ने आणि जनरलची व्हीयू2 ने सुरू होते. बोलताना ती सांगावी लागते. बोलणं साध्या भाषेत करावं लागतं, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांतच मनाई आहे. आणि तुमचा शब्द कोणालाही ऐकू येतो; शेजारच्या जिल्ह्यातल्या हॅमला, सरकारच्या निरीक्षण केंद्राला, शॉर्टवेव्हवर साइडबँड घेणारा संच असलेल्या कुठल्याही माणसाला. आपल्या खिशातल्या फोनवरचा संदेश कुलूपबंद असतो, तो कोणी वाचू शकत नाही अशी त्याची जाहिरात असते. त्या फोनवर कोणी संशय घेत नाही, आणि जे सगळ्या जगासमोर उघड्यावर बोललं जातं त्याची आपल्याला धास्ती वाटते. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू2आरजी या कॉल साइनने बोलत. तेव्हा परवाना काढा, त्याची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतःहून नेऊन द्या, तहसील कार्यालयातल्या आपत्ती विभागाला कळवा की अमुक मोहल्ल्यात अशी यंत्रणा आहे आणि गरज पडेल तेव्हा ती गावातल्या सगळ्यांसाठी आहे. मी हे केलं. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्धा तास बसवून ठेवलं खरं, पण तो अर्धा तास त्यांनी 40 मीटरवर कोण कोण ऐकू येतं तेच विचारण्यात घालवला. प्रत्येकाला असाच अनुभव येईल असं म्हणत नाही. मात्र भीतीपोटी परवान्याशिवाय एखादा हँडसेट कपाटात दडवून ठेवणं, जे काही जण आज करतायत, ते सर्वांत धोक्याचं आहे.

संचापेक्षा अवघड गोष्ट माणूस. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायला अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी एखादा संपर्क व्हावा म्हणून रांगेत होते. त्या सकाळनंतर त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळायला लागली. संच आधीपासून लावलेला होता, अँटेना टांगलेली होती, आणि हजारो संपर्क केलेली, कान तयार असलेली व्यक्ती त्याच्यासमोर बसलेली होती. यातली तिसरी गोष्ट विकत मिळत नाही.

हे कान तयार करणं म्हणजे काय, तर आम्ही शाळेत घेतो तो इमला. मराठीत श्रुतलेखन. तडतडीतून आलेला शब्द जसाच्या तसा उतरवणं, शंका आली तर अंदाज न करता पुन्हा विचारणं, उतरवलेलं वाचून दाखवणं. पूरग्रस्तांच्या यादीत एकाच नावाची पाच माणसं असतात. एकाच गावात तीन अब्दुल हमीद, दोन मुकादम घरं, आणि त्यातला कोणी दवाखान्यात, कोणी छावणीत. बापाचं नाव, वाडी, वय हे सगळं बरोबर गेलं नाही तर कुवेतमधल्या एखाद्या मुलाला चुकीच्या घरची खबर पोहोचते. असा निरोप न पोहोचलेला बरा. म्हणून मी मुलांना रेडिओला हात लावू देण्याआधी तीन आठवडे नुसता इमला घेतो, तोही पंख्याच्या आणि मिक्सरच्या आवाजात. मुली यात मुलांपेक्षा सरस ठरतात, हे माझं वर्गातलं निरीक्षण. कारण काहीही असो.

रिस्ट्रिक्टेड दर्जाच्या परीक्षेला मोर्स कोड लागत नाही आणि वय बारा पूर्ण असलं की बसता येतं. सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी बसू शकते. अडचण भाषेची आहे. ओहमचा नियम, तरंगलांबी, फ्यूज, अर्थिंग हे आमच्या मुलांनी उर्दूत किंवा मराठीत शिकलेलं असतं आणि हॅमच्या तयारीची पुस्तकं इंग्रजीत. मी उर्दू, मराठी, इंग्रजी असे तीन रकाने करून शब्दांची वही बनवायला घेतली आहे. ‘मौज’ म्हणजे लाट, ‘तूल-ए-मौज’ म्हणजे तरंगलांबी, हे कळलं की ‘वेव्हलेंग्थ’ची भीती जाते. मराठी शाळांतल्या शिक्षकांनी हीच वही वापरली तर आनंद आहे. पूर काही मोहल्ला बघून येत नाही.

तेव्हा ‘कोणता घेऊ’ विचारायला येणाऱ्यांना मी आता खर्चाचा क्रम उलटा करून देतो. आधी चार जणांच्या परीक्षेचं बघा, त्यात निदान दोन मुली असू द्या. मग वीस मीटर तार, चांगली केबल आणि बॅटरी. संच सर्वांत शेवटी, परवाना हातात आल्यावर, पक्क्या बिलाने. तोवर 7 मेगाहर्ट्झवर सकाळी काय चालतं ते नुसतं ऐकायला माझ्या घरी या. रविवारी फजरनंतर तासाभराने संच चालू असतो. चहा मिळेल, खारी तेवढी येताना तुम्ही आणा.